जेवल्या घराला मत नाही

युरोपचा नकाशा भिंतीवर लावायचा आणि त्यातले मोठे देश पिवळ्या चिकट कागदांनी झाकून टाकायचे, ही तिची मला दिसलेली पहिली खोड. जर्मनीवर चार कागद, फ्रान्सवर चार, इटलीवर वरपासून खालपर्यंत तीन. उघडे राहिले ते एस्टोनिया, लाटविया, स्लोव्हेनिया, लक्झेंबर्ग, माल्टा असले देश. लिश्टेनस्टाइन तर नकाशात दिसतच नव्हता, म्हणून तिथे तिने पेनाने बाण काढला होता.

"हे काय?" मी विचारलं.

"मोठे देश सगळ्यांना आधीच दिसतात," ती म्हणाली आणि कामाला लागली.

कार्ल्सरूहेत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी एका खोलीत बसायचो. मी पुण्याहून आलेली मेकॅनिकल इंजिनियर, पस्तिशीला टेकलेली. ती एस्टोनियाची, सव्वीस वर्षांची, आमच्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहिणारी. तिचा अख्खा देश मिळून पुण्याच्या निम्माही भरत नाही, हे मी तिला पहिल्याच आठवड्यात चिडवायला म्हणून सांगितलं. ती खूश झाली. म्हणाली, "बघ, म्हणजे आमच्याकडे प्रत्येक माणूस तुमच्यापेक्षा दुपटीने जास्त मोजला जातो." गणित चूक होतं की बरोबर, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आमच्या दोघींचं जर्मन सारखंच मोडकं होतं, त्यामुळे वाद घालायला सोपं जायचं. राजकारण आणि अर्थकारण सोडून ती तिसऱ्या विषयावर फारशी बोलत नसे. हवापाण्याच्या गप्पांना "जा, जा" म्हणून वाटेला लावायची. तिची सगळी मतं छोट्या देशांबद्दल असत आणि ती प्रत्येक मत न्यायाधीशाच्या गांभीर्याने देई. मोठ्या देशात सरकार असतं, छोट्या देशात ओळखीचे लोक असतात. आमच्याकडे अर्थमंत्र्याचं काही चुकलं तर त्याच्या आईला दुकानात जायची चोरी होते. लक्झेंबर्गकडून शिकण्यासारखं काही नाही, श्रीमंत माणसाकडून काटकसर काय शिकणार? असं बरंच.

मात्र स्वतःच्या देशाचं कौतुक करता करता ती मध्येच थबकायची. एकदा म्हणाली, "मंदीत आमच्या सरकारने पगार कापले. माझी आई शाळेत शिकवते, तिचाही कापला. कुणी रस्त्यावर उतरलं नाही. मला केवढा अभिमान वाटला होता. मग माझ्या वर्गातली अर्धी मुलं फिनलंडला बांधकामावर निघून गेली. तेव्हा कळलं, ती रस्त्यावर उतरलीच होती, फक्त रस्ता हेलसिंकीचा होता."

"आणि तू?"

"मी कार्ल्सरूहेच्या रस्त्यावर," ती म्हणाली.

दुपारी हवा बरी असली की ती सायकल काढून जर्मनीच्या घटना न्यायालयासमोर जायची आणि तिथल्या बाकावर बसून आणलेली, राई या गव्हासारख्या धान्याची भाकर खायची. काळ्या, आंबूस पावाला मी भाकर म्हणत असे, तिलाही तो शब्द आवडला होता. युरोला वाचवण्याचे खटले त्या वर्षांत त्याच कोर्टात चालू होते. तिचं म्हणणं, आमच्यासारख्या चिमूटभर देशांच्या पुढ्यात काय वाढून ठेवायचं ते या इमारतीत ठरतंय आणि कार्ल्सरूहेचे लोक शेजारच्या राजवाड्याच्या बागेत चेंडू खेळतायत. "कुणीतरी लक्ष ठेवून बसलं पाहिजे," म्हणायची. तिच्या बसण्याचा निकालावर काय परिणाम झाला, ते न्यायाधीशांना ठाऊक.

तिचा वाढदिवस सायप्रसमधल्या बँका बंद पडल्या त्याच आठवड्यात आला. जर्मन रिवाजाप्रमाणे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. तिने आणला, छान चॉकलेटचा, आणि सगळ्यांना म्हणाली, हवा तेवढा मोठा तुकडा आपल्या हाताने कापून घ्या. आमच्या टीम लीडरने भला थोरला घेतला. सगळ्यांनी पहिला घास घेतल्यावर ती सुरी घेऊन उठली, एकेकाच्या बशीपाशी गेली आणि म्हणाली, "केक अडचणीत आलाय. लहान तुकड्यांना धक्का लागणार नाही. मोठ्या तुकड्यांमधला निम्मा परत जमा करावा लागेल." टीम लीडरला वाटलं थट्टा आहे. तिने खरंच निम्मा कापून नेला. मग ती समजावू लागली की सायप्रसमध्ये ठेवीदारांना आज नेमकं कसं वाटत असेल. मी संकोचाने लहान तुकडा घेतला होता म्हणून वाचले. टीम लीडर पुढे कितीतरी दिवस कुणाच्याही केकला हात लावण्याआधी तिच्याकडे बघायचा.

मी तिला पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं तेव्हा तिने हो म्हणण्याआधी विचारलं, "तू कधी निवडणुकीला उभी राहणार आहेस का?"

मी हसले. "कुठे?"

"कुठेही."

"नाही बाई."

"मग येते," ती म्हणाली.

तिचा नियम असा होता. मागच्या निवडणुकीनंतर ज्याच्या घरी आपण जेवलो, त्याला या निवडणुकीत मत द्यायचं नाही. छोट्या देशात सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी असतात. तिथे जेवल्या घराला मत दिलं की राज्य उरत नाही, पंगत उरते. हा नियम तिला घरून मिळाला होता. आई पाळायची, तिच्या आधी आजोबा पाळायचे.

ती बाल्टिक समुद्रातल्या एका बेटावरची होती. काहीशे माणसं, एक दुकान, एक धक्का, एक शाळा. जर्मनीत अनमेल्डुंग करून तिने इथला पत्ता रीतसर नोंदवला होता, पण तिकडच्या यादीतून नाव काढलं नव्हतं. कागदोपत्री ती अजून आईच्याच घरी राहत होती. एवढी नियमाची पक्की बाई, पण हा विषय निघाला की कान लाल व्हायचे. म्हणायची, "नाव काढलं तर बेट एकाने कमी होईल." मी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

तिच्या देशात घरबसल्या संगणकावरून मत देता येतं. ओळखपत्र एका छोट्या यंत्रात घालायचं, गुप्त आकडा टाकायचा, झालं. आणि मुदत संपेपर्यंत कितीही वेळा पुन्हा मत देता येतं. शेवटचं धरतात, आधीची रद्द. बहुतेक लोकांना याचा उपयोग नसतो. तिला होता. ती पहिल्याच दिवशी मत द्यायची आणि मग मुदत संपेपर्यंत कुणालातरी आपल्याशी भांडायला लावायची. पटलं तर मत बदलायचं. या कामावर तिने माझी नेमणूक केली होती. मी तिचा विरोधी पक्ष. ती जे म्हणेल त्याच्या उलट बोलायचं, आणि मनापासून बोलायचं, ही अट.

मला हे पद फार आवडलं. पुण्याच्या मतदारयादीत माझं नाव होतं, पण मत द्यायला तिथे जाणं होत नव्हतं. जर्मनीत तर हक्कच नव्हता. मी कुठेच मत देत नव्हते, त्यामुळे माझ्या बोलण्याने माझं काहीच बिघडणार नव्हतं. अशा माणसाला वाद घालायला जोर येतो.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या बेटाच्या परिषदेची निवडणूक होती. सात जागा, पंधरा उमेदवार, प्रत्येक मतदाराला एकच मत. प्रश्न एकच होता, शाळा. शाळेत अकरा मुलं आणि दोन शिक्षिका उरल्या होत्या. शाळा बंद करून मुलांना फेरीबोटीने मुख्य भूमीवर पाठवावं असं काही जण म्हणत होते. दोन शिक्षिकांपैकी एक तिची आई, आणि शाळा वाचवायला ती या वेळी स्वतः उभी राहिली होती.

आता नियम लावून बघा. नाताळात नि उन्हाळ्यात ही पोरगी बेटावर गेली की लोक तिला घरोघर जेवायला बोलावायचे. पंधरापैकी चौदा उमेदवारांच्या घरी ती जेवली होती, आईचं घर धरून. उरला एकटा राजधानीतून वर्षापूर्वी येऊन जुनं शेतघर विकत घेतलेला गृहस्थ, ज्याला ती धड ओळखतही नव्हती. आणि त्याचं म्हणणं होतं, शाळा बंद करा.

मतदान सुरू झालं त्या सकाळी ती ऑफिसात आली, कोट न काढताच म्हणाली, "मी आईला मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. आता तू बोल."

मी बोलले. माझं कामच ते होतं. नियम काय फक्त सोयीचा असेल तेव्हाच पाळायचा का? प्रत्येकाने आपापल्या आईपुरता अपवाद केला, तर तुझ्यात आणि आमच्या भावकीच्या राजकारणात फरक काय? तूच म्हणाली होतीस ना, राज्य उरत नाही, पंगत उरते? तिचीच वाक्यं मी तिच्या अंगावर फेकत होते. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये, मग शनिवार-रविवारी फोनवर, मग पुन्हा खोलीत. ती उत्तर द्यायची, पण तिची उत्तरं रोज तोकडी होत होती. मी जिंकत होते आणि मला मजा येत होती, हे इथे लिहून टाकलेलं बरं.

बुधवारी संध्याकाळी मुदत संपणार होती. त्या दुपारी ती लॅपटॉप आणि ते छोटं यंत्र घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा माझ्या सासूबाई साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी थालीपिठं लावली होती. ही मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकामागून एक खात होती आणि आम्ही वाद घालत होतो. सासूबाईंना जर्मन येत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती.

"काय बिनसलंय गं तिचं?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. नियमाचं ऐकून त्या हसल्या नाहीत. त्या स्वतः एकदा ग्रामपंचायतीला उभ्या होत्या आणि थोडक्यात पडल्या होत्या.

"आमच्या जाऊबाईंनी मला मत दिलं नव्हतं," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. अजून हळदीकुंकवाला जाते त्यांच्याकडे. कुंकू लावताना त्यांच्या बोटाकडे बघते, शाई लागली होती त्या." मग मला म्हणाल्या, "तिला विचार, तिची आई चांगली शिकवते का?"

मी विचारलं. "उत्तम," ती म्हणाली. "मला लिहायला तिनेच शिकवलं."

"उत्तम शिकवते म्हणते, आई."

"मग झालं की," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी थालीपीठ उलटलं आणि शांतपणे पुढे म्हणाल्या, "तिला सांग, आईला मत न देणं हा न्याय नव्हे पोरी. आपण किती न्यायी, हे दाखवायची हौस आहे ती. आणि मत तर गुप्त असतं. मग दाखवायचंय कुणाला?"

ती माझ्याकडे बघत होती. "काय म्हणाल्या?"

मी जर्मनमध्ये म्हणाले, "त्या म्हणतात, आईला मत द्यावं."

एवढंच. बाकीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी हरले असते. आठवडाभर जे रचलं होतं ते सासूबाईंनी थालीपीठ उलटता उलटता पाडलं होतं, हे मला लगेच कळलं होतं. आणि मला हरायचं नव्हतं.

"आल्झो, बरं तर," ती म्हणाली, हात धुऊन आली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि ओळखपत्र यंत्रात घातलं. आम्ही दोघी मुकाट्याने पाठ फिरवून उभ्या राहिलो. सासूबाईंनी गॅससुद्धा बारीक केला. दोन मिनिटांनी तिने लॅपटॉप मिटला आणि आणखी एक थालीपीठ मागितलं.

सोमवारी ती माझ्या आधी ऑफिसात आली होती. निकालाचं पान उघडं होतं. सातव्या जागेवर शेतघरवाला गृहस्थ, बारा मतं. आठवी तिची आई, अकरा.

"तू..." मी म्हणाले.

"बुधवारी बदललं. तुझं बरोबर होतं."

तिने आईला दिलेलं मत तसंच ठेवलं असतं तर आकडे नेमके उलटे झाले असते. हे आम्हा दोघींनाही येत असलेलं गणित होतं आणि ते कुणीच बोलून दाखवलं नाही. मग ती म्हणाली, "काल रात्री आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, मी तरी कुठे मला दिलं? मी तर रोज माझ्याच घरी जेवते."

आईनेच स्वतःला मत दिलं नाही म्हटल्यावर माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. ते झालं नाही. आईचा नियम आईने पाळला होता. त्याने मी गाळलेलं वाक्य भरून निघत नव्हतं.

नव्या परिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी शाळा बंद केली. शेतघरवाला गृहस्थ वाईट नव्हता. त्याने बेटावर चांगलं इंटरनेट आणलं, असं तीच सांगायची. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दोन कुटुंबं मुलांसह बेट सोडून गेली, हेही तिनेच सांगितलं. नंतरच्या वर्षी तिने नोकरी सोडली. घरून काम करता येईल असं काहीतरी मिळवलं आणि बेटावर परत गेली, त्या गृहस्थाने आणलेल्या इंटरनेटच्या भरवशावर. जाताना नकाशा मला देऊन गेली, कागदांसकट. मी तो तसाच ठेवला. एखाद-दुसरा कागद गळून पडायचा आणि थोडा फ्रान्स उघडा व्हायचा.

तिच्या ईमेल वर्षातून दोनदा यायच्या, लांबलचक, निम्म्या माल्टाबद्दल. मग एक छोटी आली. ती धक्क्याजवळ वेगळ्या घरात राहत होती. लिहिलं होतं, आई रोज भेटते, माझी वाट झाडून देते, शेगडीसाठी लाकडं आणून टाकते. पण माझ्याकडे जेवत नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. कॉफीसुद्धा उंबऱ्याबाहेर उभी राहून, घरून आणलेल्या थर्मासमधली पिते. मी विचारलं की म्हणते, भूक नाही. मला वाटतं, त्या मताबद्दल तिने मला माफ केलेलं नाही. शेवटी एक ओळ होती: या वेळी परिषदेला मी उभी राहते आहे.

मी ती ईमेल दोनदा वाचली आणि मला फार वाईट वाटलं. चार वर्षं मी स्वतःला समजावत आले होते की नियम तिचा, मत तिचं. त्या दिवशी मी तिला सगळं लिहिलं. बुधवारची दुपार, तवा, आणि सासूबाईंचं वाक्य, या वेळी पूर्ण. हेही लिहिलं की ते मी मुद्दाम गाळलं होतं, कारण मला जिंकायचं होतं. तुझी आई रागावली असेल तर तो राग माझ्या नावावर टाक, असं शेवटी लिहिलं.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग आलं.

"मला तेव्हाच माहीत होतं," तिने लिहिलं होतं. "त्या बराच वेळ बोलल्या आणि तू थोडंच सांगितलंस. मी विचारायला हवं होतं. मला ऐकायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी आई लाकडं घेऊन आली. मी तिला त्यांचं वाक्य दारातच वाचून दाखवलं. तिने लाकडं खाली ठेवली. मग म्हणाली, त्या बाईंना सांग, बरोबर आहे, हौसच आहे, आमच्या घराण्यातच आहे. आणि मी विचारलं, मग माझ्याकडे का जेवत नाहीस? तर म्हणाली, तू परत आलीस त्या दिवशीच मला कळलं होतं, ही कधीतरी उभी राहणार. तुला मत कसं दिलं असतं मी?"

खाली आणखी चार ओळी होत्या. ती निवडून आली होती. निकालाच्या रात्री आई पहिल्यांदा तिच्याकडे जेवायला आली. तिने सासूबाईंची थालीपिठं करून बघितली, राईच्या पिठाची. तुटली, पण आईने तीन खाल्ली.

मी सासूबाईंना गावी फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

"आई, ऐकताय ना?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "तुटतील नाही तर काय. तिला सांग, त्या पिठाला कांदा जास्त लागतो."